शेजारच्या घाण्याची पेंड

फार जुनी गोष्ट. एका मालकाच्या दोन तेलघाण्यांना दोन बैल होते, खैऱ्या आणि मोरक्या. डोळ्यांवर झापडं बांधून दोघं दिवसभर फिरत. वर्षागणिक तेल वाढत गेलं, पण बैलांची पेंड मूठभरच राहिली.

फिरताना खैऱ्याला पेंड चावल्याचा कुरुमकुरुम आवाज यायचा. "मोरक्याला जास्त घालतात मेल्याला!" असं जळफळत, मालकाच्या मर्जीत यायला तो आणखी जोरात फिरायचा.

एकदा त्याची झापडं सुटली. आवाज चालूच होता, पण मोरक्याचं तोंड रिकामं होतं.

"तू खात नाहीयेस?" खैऱ्याने विचारलं.

"मी?" झापडांआडून मोरक्या फुरफुरला. "इतकी वर्षं तूच तर खातोयस!"

कुडापलीकडे मालकाचा तुकतुकीत घोडा पेंडीच्या पोत्यात तोंड घालून उभा होता.