गार झाल्यावर बोलणारी जीप

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत असत. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. हात थरथरू लागल्यापासून गॅरेजातले पाने-हातोडे त्यांनी शिष्याच्या हाती दिले होते. शिष्याचे नाव भरमू. मुलगा गुणी, मेहनती, पण घाईचा. रोग सांगून होण्याआधीच औषध काढून बसणारा.

त्याच्याकडे एक जीपवाला येई, सिदगोंडा. तो चार कोसांवरच्या वाडीचा. वाडीचे सगळे दूध भल्या पहाटे डेअरीला नेणे हे त्याचे काम. अलीकडे त्याची जीप सकाळी उठेना. स्टार्टर मारावा, मारावा, तेव्हा कुठे खोकत, पांढरा धूर सोडत ती जागी होई. दूध उशिरा पोचे. उशिराचे दूध डेअरी परत पाठवी. दोनदा असे झाल्यावर वाडीच्या बायांनी बजावले, "सिदूअण्णा, अजून एकदा नासलं की दूध दुसऱ्याच्या गाडीत जाणार. मग रुसू नका."

भरमूने आधी बॅटरी बदलली. मग स्टार्टर खोलून साफ केला. मग हीटर प्लग नवे घातले. प्रत्येक वेळी गॅरेजात किल्ली फिरवली की जीप एका हाकेत सुरू. आणि प्रत्येक वेळी वाडीत दुसऱ्या सकाळी रडगाणे तेच. शेवटी भरमू म्हणाला, "मामा, आता इंजिनातच दम राहिला न्हाई. उतरवूनच बघावं लागंल. आठ दिवस गाडी हितं ठेवा."

आठ दिवस! सिदगोंडाचा चेहरा उतरला. आठ दिवसांत दुधाची खेप दुसऱ्याची होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वस्ताद बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "इंजिनाला हात लावू नकोस. उद्या पहाटे मी वाडीला येतो."

"पण वस्ताद, गाडी हितंच उभी हाय. आत्ता बघा की!" भरमू म्हणाला.

"आत्ता ती मला काय सांगणार?" एवढेच बोलून ते उठले.

पहाटे भरमूच्या मोटारसायकलवर बसून वस्ताद वाडीला पोचले. सिदगोंडाने मोठ्या उत्साहाने किल्ली फिरवली. जीप लगेच सुरू. वस्तादांनी बॉनेटवर तळहात टेकवला आणि हसू लागले.

"काय रे सिदू, ही तर ऊन ऊन हाय! माझ्याआधी कोण उठवून गेलं हिला?"

सिदगोंडा मान खाली घालून उभा राहिला. दारातून त्याची बायको शेवंता म्हणाली, "मी सांगते. चारला उठून हे झटत बसले होते गाडीसंगं. सुरू झाल्यावर गावाला दोन फेऱ्या मारून आणली. म्हणं, एवढं वयस्कर माणूस येणार, त्यांच्यापुढं घरघर बरी दिसंल का?"

"म्हणजे डॉक्टर यायच्या आधी तापच उतरवून ठेवलास!" वस्ताद म्हणाले. "बरं, दूध घालून ये. आल्यावर जीप हितंच लाव आणि किल्ली माझ्याकडं दे. आज दिवसाच्या खेपा नकोत."

दूध पोचवून सिदगोंडा आला. वस्तादांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि शेवंताजवळ बसून शेंगा फोडायला घेतल्या. दहा वाजले, बारा वाजले. भाकरी खाऊन झाली. एक डुलकी झाली. भरमू मात्र जीपभोवती घिरट्या घालत होता.

"वस्ताद, गॅरेज बंद हाय. गिऱ्हाइकं परत जात असतील. आपण काय करतोय हितं?"

"शेंगा फोडतोय. तूबी घे चार."

उन्हे कलली. जीप आतपर्यंत गार झाली तेव्हा वस्तादांनी किल्ली सिदगोंडाला दिली. त्याने स्टार्टर मारला. घर्रर्र, घर्रर्र, जीप काही उठेना. सिदगोंडाला घाम फुटला. वस्ताद मात्र खुलले.

"आली बघ खरं बोलायला! थांब, आता मारू नकोस. भरमू, डिझेलचा पाइप जरा ढिला कर."

भरमूने पाइप सैल केला. डिझेलची धार येण्याऐवजी बुडबुडे आले, नुसता फेस. तो पाइप चाचपत फिल्टरपर्यंत गेला. तिथे तांब्याच्या एका वॉशरभोवती धूळ ओलसर होऊन चिकटली होती. वॉशर झिजला होता. उभ्या गाडीत तिथून हळूहळू हवा शिरे आणि डिझेल मागे टाकीत उतरे. धावत्या गाडीत त्याचा मागमूस नसे. केसाएवढी फट, आणि तिच्यासाठी इंजिन उतरवायचे होते.

भरमूने नवा वॉशर बसवला, हातपंपाने पाइप भरून घेतला. सकाळी जीप कशी उठते ते बघायला दोघे रात्री वाडीतच राहिले. जेवताना वस्ताद म्हणाले:

"बाळा, तुझं काम वाईट नव्हतं. पण तू तिला दर वेळी तिच्या बऱ्या वेळेला भेटलास. चार कोस धावून, तापून ती तुझ्या दारात यायची. तिथं तिचं दुखणं कसं दिसावं? सणाला नेसून-सवरून माहेरी आलेल्या लेकीला 'बरी हाईस का' विचारलं, तर ती 'बरी हाय' असंच सांगणार. त्यात लबाडी नसते. त्या घटकेला ती बरीच असते. दुखणं बघायचं तर जिथं माणूस धावून आल्यावर निवतं, तिथं जाऊन बसावं लागतं. आणि बसताना हातात पाना नसावा."

शेवंताने भरमूच्या पानात न विचारता अजून एक भाकरी वाढली.

पहाटे कोणी गाडी तापवली नाही. बायांनी दुधाच्या कॅनी चढवल्या आणि सगळ्या श्वास रोखून उभ्या राहिल्या. सिदगोंडाने किल्ली फिरवली. जीप एका झटक्यात जागी झाली. "आता दुसऱ्याच्या गाडीत कशाला जातंय दूध!" एक आजीबाई म्हणाल्या, आणि जीप कॅनी खळखळवत वेळेआधी निघून गेली.

परतताना तिठ्यावर भरमूने मोटारसायकल थांबवली.

"वस्ताद, गॅरेज उघडायला अजून उशीर झाला तर चालंल? माझी बहीण ह्या वाटेच्या गावात दिलीय. तीन वर्सं झाली. दिवाळीला तीच येते. हसत असते. मी तिच्या दारात कधी गेलोच न्हाई."

वस्ताद मागच्या सीटवर नीट सरकून बसले, आणि भरमूने गाडी त्या कच्च्या वाटेला घातली.