चौथ्या वर्षी पेज आंबली

आईशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी पाहिलेली नाही. पण ज्याने सांगितली तो खोटं बोलत नाही, आणि बोललाच तर आधी सांगतो. या वेळी सांगायला विसरला असेल तर माहीत नाही.

तर फार फार वर्षांपूर्वी एक गाव होतं. तिथली कुठलीही गल्ली धरा, ती पुढे दुसऱ्या गल्लीला मिळायचीच. मग एका शेठजींनी राजाकडे तक्रार केली, की माझ्या दारावरून लोक जातात, त्यांच्या म्हशीही जातात. राजाने दारापुढे भिंत घालून दिली. गल्ली तिथेच संपली आणि शेठजींचा रुबाब वाढला.

मग काय, ज्याला त्याला आपल्या दाराशी संपणारी गल्ली हवी झाली. नव्या वस्त्याही तशाच बांधल्या. गाव पसरत पसरत तीन टेकड्यांपलीकडे गेलं. भिंतीला हात लावणाऱ्याला तुरुंग, असा कायदाही झाला.

त्या गावात दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. घरं पाठीला पाठ लावून, मधे एक बोळ. थोरली आजारी, तिला फक्त पेज पचायची. धाकटी रोज नेऊन द्यायची. बोळात भिंत आली, तशी धाकटी वळसा घालून जाऊ लागली. पहिल्या वर्षी पेज कोमट पोचली. दुसऱ्या वर्षी गार. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी. चौथ्या वर्षी आंबली. वैद्यबुवा म्हणाले, आता गरम पेज मिळाली नाही तर ही जाणार.

धाकटी राजाकडे गेली. राजा म्हणाला, नकाशात तर घरं चिकटलेली दिसतात. धाकटी म्हणाली, तुमचा घोडा आणि माझ्या परसातली गोगलगाय, लावा शर्यत, इथून थोरलीच्या घरापर्यंत.

राजाला उत्सुकता वाटली. तो स्वतः परसात येऊन बसला. गोगलगायीला कायदा लागू नव्हता, ती सरळ भिंतीवर चढली. वाटेत दोनदा झोपूनही संध्याकाळी पलीकडे उतरली. स्वार चौथ्या दिवशी पोचला. दाढी वाढली होती, आणि वाटेत त्याचं लग्न ठरलं होतं.

राजाने गोगलगायीला सेनापती केलं.

धाकटी म्हणाली, "महाराज, सेनापतींच्या पाठीवर पातेलं राहत नाही. भिंत फोडा."

राजाला पटलं. पण हुकमाला शिक्का लागतो, आणि शिक्का महालात. तो आणायला राजा पालखीत बसून निघाला.

धाकटी रोज भिंतीपाशी उभी राहून हाक मारायची, पलीकडून बारीक ओ यायची. सहाव्या दिवशी ओ आली नाही.

धाकटीने मुसळ उचललं. तुरुंग तर तुरुंग. दुपारपर्यंत पातेलं जाईल एवढं भोक पडलं, मग ती स्वतः जाईल एवढं. तिने थोरलीच्या ओठांना वाटी लावली.

थोरलीने डोळे उघडले. "मेले, फुंकर तरी घालायचीस. जीभ भाजली की माझी."

धाकटी रडायलाच लागली.

भोक बघायला लोक आले, आणि आलेले पलीकडूनच घरी गेले. जवळ पडलं. मग म्हशीही जाऊ लागल्या. बाराव्या दिवशी राजा त्याच भोकातून वाकून बाहेर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "परवानगी दिली."

तात्पर्य: जो आपल्या दाराशी रस्ता संपवतो, त्याचा शेजारही तिथेच संपतो.

ऐकलीत ना फुकटात? चला, आता प्रत्येकाने एकेक लाडू काढा. खरी नसेल तर अर्धा.