सडेकातळीचे सतरा चिरे

सडेकातळीत पाऊल टाकलं की पाहुण्यांची नजर आधी दारांकडे जाते. प्रत्येक जुन्या घराच्या दारात, तुळशीच्या थोडा बाजूला, जांभ्याचा एक कोरलेला चिरा आहे. गुडघाभर उंच, मागे पाठ टेकायला जागा, दोन्ही अंगांना कड आणि मधे खोलगट. तुम्हीही मघाशी त्यांचे फोटो काढलेत आणि तर्क लढवलेत, तेही मी ऐकले. एक जण म्हणाले, उखळ असेल. उखळाला पाठ कशाला लागेल हो? दुसरे म्हणाले, इथं एखादा राजा राहत असणार. सतरा घरांत सतरा राजे! मागच्या वर्षी वरच्या पठारावरची, म्हणजे आमच्या सड्यावरची कातळशिल्पं बघायला एक अभ्यासक बाई आल्या होत्या. त्यांनी टेप लावून सगळ्या चिऱ्यांची मापं घेतली, आणि एकाचं माप दुसऱ्याला जुळेना म्हणून फार गोंधळल्या. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण त्यांना घाई होती.

तुम्हाला घाई नसेल तर बसा. मी इथल्याच शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. पाहुण्यांशी मी पुस्तकी बोलते असं घरचे चिडवतात, पण गोष्ट नीट सांगते एवढं नक्की.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते कुणाला माहीत नाही. तेव्हा गावात अठरा घरं होती असं सांगतात. त्यातलं एक आवडाचं. आवडाचा नवरा गलबतावर खलाशी होता. पावसाळ्याचे चार महिने तो घरी असायचा, बाकी समुद्रावर. सासूसासरे आधीच गेलेले. आवडाला एक मुलगी झाली, वेणू. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, तरी वेणू मान धरेना. हातपाय ताठ व्हायचे, घास गिळायला वेळ लागायचा. हसायची मात्र खूप, म्हणे. खाणीतून चिरे फोडल्याचा आवाज आला की खुदकन हसायची.

आता गावानं आवडासाठी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. गावानं तिला पुष्कळ कामं लावली. एकीनं सांगितलं, दिवसातून तीनदा तेल चोळ. दुसरीनं सांगितलं, पोरीला कमरेपर्यंत वाळूत पुरून उभी कर, म्हणजे पाय धरतील. आवडानं खाडीवरून वाळू आणली, खड्डा केला, पोरीला उभं केलं आणि दोन्ही हातांनी तिची मान धरून उन्हात बसून राहिली. पाय काही धरले नाहीत. सांगणाऱ्या बायका मनापासून सांगत होत्या. सांगून झालं की आपापल्या घरी जात होत्या.

तिसरा उपाय देवीचा. आमच्याकडे पावणाईला कौल लावतात, ते तुम्ही ऐकलं असेल. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, गावाचा प्रश्न सांगतो आणि पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पडेपर्यंत वाट बघायची, आणि तोवर कुणी घरी जायचं नाही. चैत्रात वर्षाचा कौल लागायचा. वेणू दोन वर्षांची होती तेव्हा गावानं विचारलं, हा दोष बापाच्या घराण्याचा आहे काय? पाकळी पडलीच नाही. दिवस मावळला तरी नाही. गावच्या मानकऱ्यांनी, गावकरांनी ठरवलं की देवी रागावली आहे, आवडानं दर सोमवारी पोरीला घेऊन एकवीस प्रदक्षिणा घालाव्यात. पुढच्या वर्षी विचारलं, दोष आईच्या माहेरचा आहे काय? पाकळी जागची हलली नाही. मग आवडानं रोज झऱ्यावरून पाच कळशा पाणी आणून देवीला घालावं असं ठरलं. झरा त्या उताराखाली आहे, बघून या जाताना. पोरीला पाठीशी बांधून, कळशी कमरेला घेऊन ती तो चढ रोज पाच वेळा चढायची. घरचं पाणी वेगळंच.

वेणूला चौथं सरत आलं त्या वर्षी झऱ्याचं पाणी आटायला लागलं. झरा आटला की माणसं घाबरतात, आणि घाबरलेली माणसं कुणाचं तरी नाव शोधतात. तेव्हाचा मानकरी विसराम गावकर. माणूस वाईट नव्हता असं आमच्या आजीपर्यंत सगळे सांगत आले, पण गावाची काळजी करता करता त्याला गावातली माणसं दिसायची बंद झाली होती. त्यानं चैत्राचा प्रश्न ठरवला. आवडाचं घर गावाबाहेर काढावं काय?

सगळा गाव देवळात जमला. आवडाला वेणूसह समोर उभं केलं. नवरा तेव्हा दूर कुठल्या तरी बंदरात होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. भिवा गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. पाकळी काही पडेना. बसलेली माणसं बसून कंटाळली. आवडा मात्र उभीच होती, आणि वेणू तिच्या कडेवर. चार वर्षांची पोर, तीही अंग ताठ करणारी. आवडानं तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. लोकांना वाटलं, आता ही रडेल, देवीची करुणा भाकेल. ती शांतपणे गुरवाला म्हणाली, "भिवाकाका, माजो एक सवाल घाला. घरात पाण्याचो थेंब नाय. माका झऱ्यार जावचा आसा. तवसर ह्या चेडवाक कोण घेतलो?"

तोवर या पोरीला कोण घेईल? असा प्रश्न देवीला आजवर कुणी घातला नव्हता. भिवा गुरव जुना माणूस, रीत सोडून बोलणारा नव्हे. तो म्हणाला, "तशा इचारूक येयत नाय गे. देवी होय नायतर नाय, इतक्याच सांगता."

"मगे एकेकाचा नाव घेवन इचारा."

रीतीत हे बसत होतं. भिवा गुरवानं आधीच्या पाकळ्या उतरवल्या. तो गावाबाहेर काढायचा प्रश्न तिथेच राहिला, पुढे कधीही कुणी घातला नाही. त्यानं नव्या पाकळ्या भिजवल्या. पहिलं नाव मानकऱ्याचं घ्यायचं, हाही रिवाजच. "आई पावणाय, विसराम गावकरान ह्या चेडवाक घेवचा काय?"

त्याचा हात मूर्तीवरून निघतो न निघतो, तोच उजवी पाकळी खाली आली असं सांगतात. दुपारच्या उष्म्यानं पाकळ्या लावताक्षणी वाळल्या, असं म्हणणारेही आहेत. असतील वाळल्या. माझा त्यांच्याशी वाद नाही. पण त्यांनी मला एवढं सांगावं की डावी का नाही वाळली?

विसरामानं आयुष्यात मूल मांडीवर घेतलं नव्हतं. पुरुषांनी ते करायचं नसे. पण कौल पडला म्हणजे पडला. तो खाली बसला. आवडानं त्याचे गुडघे हातानं नीट केले, वेणूला त्याच्या मांडीत ठेवलं आणि सांगितलं, "मान कोपरात धरा. हातान नको, हात दुखतत. पाय आधी दुमडा, मगे ती सैल पडता." चार वर्षांत गावातल्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. देवळाच्या पायरीवरची कळशी उचलून आवडा उतारानं निघून गेली.

इकडे गुरव एकेक नाव घेत राहिला. दुसरं घर, उजवी. तिसरं घर, उजवी. पाकळी पडली की ते ते माणूस मान खाली घालायचं. चिरे फोडणाऱ्या लवू पाथरवटाच्या वेळी पाकळी जरा रेंगाळली. लवू मागच्या खांबाआड सरकत होता म्हणून देवी त्याला शोधत होती, असं आमच्याकडे हसून सांगतात. शेवटी तीही उजवीच पडली. सतरावं नाव भिवा गुरवानं स्वतःचं घेतलं.

सतरा नावं होईपर्यंत सावल्या लांबल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आवडा अजून परतलेली नाही. झरा आटत असला तरी त्याचं कुंड तेव्हा खोल होतं. सगळा गाव उठला आणि उतारावरून धावत सुटला. त्या धावण्यात चार वर्षांची आठवण होती. वाळूचा खड्डा आठवला, एकवीस प्रदक्षिणा आठवल्या, पाच कळशा आठवल्या. बायका रडत होत्या म्हणे.

आवडा कुंडाच्या कडेला बसली होती. केस मोकळे सोडून, डोळे मिटून, ओंजळीनं डोक्यावर पाणी घेत होती. भरलेली कळशी बाजूला होती. पुढे धावत आलेल्या बाईनं विचारलं, "आवडे, काय करतंस गे?"

"केस धुतंय," ती म्हणाली. "चार वर्सां मुळापर्यंत पाणी गेला नाय. केस धुवूक दोन हात लागतत."

मग त्या बाईनं आपल्या हातानं तिचे केस चोळून दिले. दुसरीनं पाणी घातलं.

आणि विसराम? तो देवळात एकटाच. धावत जाता येईना, कारण मांडीवर वेणू. पायाला मुंग्या आल्या तरी हलता येईना. नाकावर माशी बसली तरी हात मोकळा नाही. तहान लागली, पाणी दहा पावलांवर. वेणूनं त्याचं धोतर ओलं केलं आणि त्याच्याकडे बघून हसली. एवढा मोठा मानकरी, त्या एका दुपारी काय शिकला ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. लोक परत आले तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "फाल्यां कोणाची पाळी?"

खांबाआड सरकला म्हणून उद्याची पाळी लवूच्याच गळ्यात पडली. लवूची मांडी म्हणजे नुसती हाडं. वेणू त्याच्याकडे रडायची, तो घाबरायचा. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, वारा लागत जाईल तसा कठीण होतो. लवूनं ताजा चिरा आणला, आवडाच्या मांडीचं आणि वेणूच्या पाठीचं माप घेतलं आणि चिऱ्यात बसायची जागा कोरली. कडा गोल केल्या, आत गोधडी घातली. वेणू त्यात बसली. पाठ टेकून, मान टेकून, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हाताशिवाय बसली आणि समोरचा रस्ता बघत राहिली. त्या दिवशी आवडा रडली असं सांगतात.

मग काय, प्रत्येक घराला तसा चिरा हवा झाला. लवू सवडीनं कोरत गेला. कधी वर्षाला एक, कधी दोन. त्या अभ्यासक बाईंना मापं जुळली नाहीत ती म्हणून. सगळ्यात लहान चिरा लवूच्या दारात आहे आणि सगळ्यात मोठा गुरवाच्या. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं फिरलात की एक मुलगी वाढताना दिसते. वेणूला शेवटपर्यंत चालता आलं नाही. झरा पुन्हा भरला म्हणतात, तो मला वाटतं पुढच्या पावसानं भरला असेल.

आजही सडेकातळीत एखाद्या घरात असं मूल आहे असं कळलं, की कुणी कारण विचारत नाही. गावकरांच्या घरचं माणूस वाटीभर शिकेकाई घेऊन जातं आणि म्हणतं, "ह्येका माज्याकडे दे. तू न्हावन ये." माझ्या दारात ती वाटी एक्केचाळीस वर्षांपूर्वी आली. माझ्या लेकाला, विनायकला शहरातल्या डॉक्टरांना दाखवून मी परतले होते आणि चार दिवस दार लावून बसले होते. शिकलेली बाई मी. ही आख्यायिका वर्गात सांगायची, पण वाटी बघून मला राग आला. मला कुणाची दया नको होती. गावकरांची म्हातारी नुसती मांडी घालून बसली आणि हात पुढे केले. मी झऱ्यावर गेले. केस धुतले आणि तिथेच झोपले.

आजही दर चैत्रात देवळात गुरव एकेक घराचं नाव घेतो आणि पाकळी लावतो. नव्या मुलांच्या पाळ्या त्या दिवशी ठरतात. मी एक्केचाळीस चैत्र त्या देवळात बसले, पण एक प्रश्न मात्र घालायचं धाडस मला झालं नाही. यंदा झालं. मला आता शहात्तरावं चालू आहे, विनायकला अजून भरवावं लागतं. मी उठले आणि म्हटलं, "माज्यामागे ह्येका कोण घेतलो?"

गुरव तरुण आहे, माझाच विद्यार्थी. त्यानं पाकळी भिजवली, पहिलं नाव घेतलं आणि हात मूर्तीकडे नेला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "होय." मग दुसऱ्या खांबापासून "होय." मग दारातून, बायकांमधून. सतरा वेळा. मी वळून बघितलं नाही, मोजत राहिले.

पाकळी अजून गुरवाच्या बोटातच होती.