भिंतीला भिडलेला ट्रे

ओव्हनला वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाबाईंच्या गॅसच्या छोट्या ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात एक मोठा ट्रे असे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला. त्याच्यावरच्या नानकटाया तळाशी करपत आणि वरच्या कप्प्यातल्या कच्च्याच राहत.

एके सकाळी ओव्हन तापत ठेवून बाई म्हणाल्या, ‘‘आजचाही घाणा बिघडला तर हा ओव्हन भंगारात!’’

ओव्हन घाबरला. ‘‘अगं धगे, तू वर का जात नाहीस?’’

‘‘जाऊ कुठून?’’ ज्योतींजवळ कोंडलेली धग कडाडली. ‘‘या दादासाहेबांनी वाट ठेवलीय का?’’

‘‘वरच्या नानकटाया आळशी आहेत आणि खालच्या नाजूक,’’ ट्रे म्हणाला. ‘‘यात माझा काय दोष?’’

‘‘पण भंगारात मी जाणार ना!’’

‘‘फार वाईट वाटतं हो. आपण चौकशी समिती नेमू.’’

धगेला तेवढा धीर नव्हता. ती ट्रेच्या पोटाखाली साठत गेली आणि ट्रे टण्णकन वाकडा झाला. बाईंनी तो बाहेर काढला आणि दोन्ही कप्प्यांत लहान थाळ्या ठेवल्या. त्यांच्या चहूबाजूंनी चार-चार बोटं जागा उरली. धग तिथून वर गेली, छताला वळसा घालून खाली आली आणि सगळ्या नानकटाया सारख्या बदामी झाल्या. भंगाराचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही.

ओट्यावर भिंतीशी उभा केलेला वाकडा ट्रे शेजारच्या डब्यांना सांगत होता, ‘‘पाहिलंत? माझ्या मार्गदर्शनाखाली ओव्हन किती सुधारला!’’