नववी भाकरी

"नववं नाव गाळलं, बाबा, तर तुम्हाला राग येईल का?"

इंद्रसेनने विचारलं खरं, पण उत्तराची वाट पाहण्याचा धीर त्याला नव्हता. कवी म्हणून त्याचं आता बरंच नाव झालं होतं.

इंग्रजांच्या काळात या जुन्या कचेरीसमोर गोळीबारात नऊ जण पडले. कचेरीच्या पायरीशी उभारलेल्या त्यांच्या स्मारकाच्या शिळेवर उद्यापासून इंद्रसेनची कविता कोरायची होती. त्याला कविता करायला शिकवलं ते गैबीशा फकिराने. म्हणून तो इथे पायरीशी त्याचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

"कवितेचं नाव 'अष्टदीप' ठेवलंय. आठ दिशा, आठ दिवे. प्रतीक कसं चपखल बसतं बघा."

"आणि नववा, भिवा?"

"तो मोर्चात कुठे होता? भाकरी चोरली म्हणून शिपाई त्याला बांधून कचेरीत नेत होते."

"झेंडा पडला, तो बांधल्या हातांनी कुणी उचलला?"

"…त्याने."

"मग?"

"देशाच्या आठवणीत चोर शोभत नाही, बाबा. समितीचंही तेच म्हणणं आहे."



त्याच दिवशी त्या नऊ जणांचा स्मृतिदिन होता. बायका कचेरीच्या पायरीवर आठ भाकऱ्या ठेवून गेल्या होत्या. नववी कुणी थापत नाही. भिवाची भाकरी कुणाच्या तरी घरून चोरूनच आणायची, अशी या गावाची रीत आहे. मला ती फार आवडते. पण यंदा पाहुणे मोठे येणार, म्हणून समितीने चोरीला बंदी घातली होती आणि पायरीशी हवालदार उभा केला होता.

फकीर उठला. त्याने इंद्रसेनच्या पिशवीत हात घातला, न्याहारीची भाकरी काढली आणि हवालदाराच्या डोळ्यांदेखत आठांच्या शेजारी ठेवली.

"बाबा, निदान विचारायचं तरी."

"विचारून आणलेली चालत नाही."

हवालदार पुढे सरसावला. "म्हातारबा, उचला ती. वरून हुकूम आहे."

फकिराने दोन्ही मनगटं जुळवून त्याच्यापुढे धरली.

"बांध."

हवालदार त्या मनगटांकडे बघून थबकला. मग बाजूला झाला.

इंद्रसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याच्याने राहवेना.

"बाबा… नऊ केले तर माझी सगळी कविता मोडते."

"मोड मग. नाहीतर तुझी शिळा दुसरीकडे ने. ही पायरी नऊ जणांची आहे."