म्हातारी काठी हटत नाही

फार मागची गोष्ट. गोल्फच्या मैदानावर चेंडू हळूच खड्ड्यात ढकलणारी एक म्हातारी काठी होती. तिला पटर म्हणत. चेंडू चुकला की मालक त्र्यंबकराव काठीच बदलत. अशा पाच गेल्या, आता हिलाही ते भंगारात टाकायला निघाले.

पिशवीतली नवी, चकचकीत काठी हसली, "निघा आता, आजीबाई!"

"मी नाही जायची!" म्हातारी मालकाला म्हणाली. "राव, पाच काठ्या बदललात, हाताचं वळण एकदा तरी बदललंत? चार पावलांवरून शंभर चेंडू मारा, मग खुशाल टाका."

त्र्यंबकराव चिडले, पण हट्टाने मारत राहिले. आधी सगळे चुकले. ऊन कललं तेव्हा लागोपाठ सात आत पडले.

"माझी पाळी कधी?" नवीने विचारलं.

"थांब गं," ते घाम पुसत म्हणाले, "अजून माझाच हात बसायचाय."