चौथे लिंबू

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांनी कधी व्याकरण शिकवले नाही की गणित. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवले. अर्ध्या तालुक्याने स्टेअरिंग प्रथम धरले ते त्यांच्या शेजारी बसून. त्यांची शिकवणी मात्र फार लांबते, अशी गावात कुरकुर असे. आणि तरुण पोरांना लांबलेले काहीच सोसत नाही, हे तुम्ही जाणताच.

त्या गावातील लोखंडाचे व्यापारी नंदकुमारशेठ यांचा मुलगा ऋतुराज अठरा वर्षांचा होताच गुरुजींकडे येऊ लागला. हुशार पोरगा. क्लच, गिअर, वळण, सारे त्याने चटकन उचलले. मग लायसन्स हाती पडले आणि त्याने शिकवणीला रामराम ठोकला. "आता आणखी काय शिकायचं राहिलंय?" असे तो घरी म्हणाला, आणि शेठजींनाही ते पटले. आपला मुलगा इतरांपेक्षा लवकर शिकला, हे कोणत्या बापाला पटत नाही?

दसऱ्याला शेठजींनी नवी गाडी घेतली. सकाळी ती बाजार समितीच्या आवारात पूजेसाठी उभी केली. सणाची सुट्टी असल्याने एवढे मोठे आवार मोकळे होते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. लिंबे चिरडून गाडी निघणार आणि घाट चढून देवीला जाणार, असा बेत होता. चालवणार ऋतुराज. त्याच्या शेजारी धाकटी बहीण ईश्वरी, मागे आईवडील. आईला सकाळपासून धास्ती वाटत होती, पण सणाच्या दिवशी नको ते कशाला बोला, म्हणून ती पूजेच्या तयारीत गुंतली होती. आशीर्वादासाठी गुरुजींना बोलावले होते.

गुरुजी आले. त्यांनी गाडीला मनोभावे नमस्कार केला आणि मग खाली वाकून चारही चाकांखालची लिंबे काढून घेतली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एक लिंबू त्यांनी आवाराच्या मध्यावर नेऊन ठेवले, घरच्यांना बाजूच्या उंच ओट्यावर बोलावले आणि स्वतःही तेथे चढून उभे राहिले.

"ऋतुराज, घाटात जशी चालवणार आहेस तशी ये. मी रुमाल हलवला की थांब. लिंबाला चाक लागता कामा नये."

ऋतुराज झोकात आला. रुमाल हलला, ब्रेक लागला, आणि लिंबू चाकाखाली गेले. "नाहीतरी चिरडायचंच असतं की, गुरुजी," तो हसत म्हणाला. गुरुजींनी दुसरे ठेवले. तेही गेले. तिसऱ्या वेळी तो जपून निघाला खरा, पण तोवर शेजारपाजारचे लोक जमले होते. सगळे बघताहेत म्हटल्यावर पाय ॲक्सिलरेटरवर पडलाच. तिसऱ्याचाही रस झाला.

"तुम्ही रुमाल उशिरा हलवलात," तो चिडून म्हणाला.

"हलवला असेन. वळणावर वासरू आडवं येईल, तेही उशिराच येईल. त्याला काय सांगशील?"

मग गुरुजींनी चौथे लिंबू त्याच्या हातात दिले. "हे तू ठेव. एवढंच समज, की ईश्वरी रस्ता ओलांडते आहे."

ऋतुराजने लिंबू ठेवले. गाडीत बसून त्याने इंजिन सुरू केले. समोर लिंबू होते, आणि ओट्यावर पाय हलवीत ईश्वरी खोबरे खात होती. त्याची नजर लिंबावरून तिच्याकडे गेली आणि पुन्हा लिंबावर आली. मग त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"नाही, गुरुजी. मला गाडी थांबवता येणार नाही." साऱ्या लोकांदेखत हे बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळ्यांत पाणी आले.

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, आज प्रथमच तू चालकासारखा बोललास. गाडी पळवणं हे इंजिनाचं काम, आणि ते त्याला कारखान्यातच शिकवलेलं असतं. थांबवणं हे मात्र तुझं काम. उभ्या गाडीखालचं लिंबू कुणीही चिरडतो, त्याला विद्या लागत नाही. संकट टळावं म्हणून आपण ते ठेवतो, हे चांगलंच आहे. पण मग टाळायचं सगळं काम लिंबावर सोपवून आपण निर्धास्त होतो, तिथे घात होतो. तुझं अर्धं शिकून झालं आहे, आणि चांगलं झालं आहे. उरलेलं अर्धं घेऊन जा."

त्या दिवशी गाडी शेठजींनी चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुराज गुरुजींच्या दारात उभा होता. अंतर कसे जोखावे, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावावा, मागचा घाईने पुढे जाऊ लागला तर त्याला शांतपणे कसे जाऊ द्यावे, हे सारे तो शिकला. शिकवणी लांबली, पण आता तो कुरकुरला नाही.

मार्गशीर्षात त्याने घरच्यांना घाटातून देवीला नेऊन आणले. परतताना गाडी गुरुजींच्या दाराशी थांबली. गुरुजींनी त्याला काहीच विचारले नाही. ते खिडकीशी वाकले. "काय गं ईश्वरी, दादा घाटात कशी चालवतो?"

"मला नाही माहीत, आजोबा," ती डोळे चोळत म्हणाली. "मला झोप लागली होती."

गुरुजी ऋतुराजकडे वळले.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.